बिजागरीवरून ठरलेले कलम

इब्राहिम मिस्त्री गेल्याचे त्याचा भाचा सलीम याने मला फोनवर कळवले. दफनाची वेळ सांगून झाल्यावर तो म्हणाला, "काका, मामूला चोर तुम्ही बनवलंत. आज तरी या." मी गेलो. चाळीसाव्या दिवशीच्या फातिहालाही गेलो. दोन्ही वेळा त्याच्या पडवीत बसून मला तीन कथा ऐकाव्या लागल्या. कुणी म्हणे, मिस्त्रीने दोह्यात मालकाचे सोने पळवले. कुणी म्हणे, त्याचा हात तोडला जाणार होता, थोडक्यात वाचला. आणि सलीमच्या मते मामूने कशालाच हात लावला नव्हता. तिन्ही कथा खोट्या आहेत. मी तिथे होतो. बोलणाऱ्यांपैकी कुणीही नव्हते.

ही सत्तरच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. दोह्यातल्या एका फर्निचरच्या कारखान्यात इब्राहिम सुतार होता आणि मी कारकून. तो राजापूरकडचा, मी चिपळूणचा. शहराच्या अल मुंतझा भागातल्या एकाच खोलीत आमच्या खाटा होत्या. आम्हा सर्वांचे पासपोर्ट मालकाच्या कचेरीतल्या लाकडी कपाटात कुलूपबंद असत. ते कपाटही इब्राहिमनेच केलेले. आईने अंथरूण धरल्याची तार आली तेव्हा त्याने रजा मागितली. करार संपल्यावर जा, असे उत्तर मिळाले. त्याने तीनदा मागितली... चौथ्यांदा मागितली नाही.

एका शुक्रवारी, सगळे जुम्म्याच्या नमाजाला गेले असताना, तो कचेरीत शिरला. कुलपाला त्याने स्पर्शही केला नाही. बिजागऱ्यांचे स्क्रू काढून त्याने दार उतरवले, स्वतःचा पासपोर्ट घेतला आणि दार पुन्हा बसवले. खूण राहिली ती इथे. जुने स्क्रू गंजले होते, म्हणून त्याने नवे पितळी घातले. दार खाली घासत होते, तर रंध्याचे दोन हात मारून तेही सरळ केले. "वाईट काम परत बसवायला हात धजला नाय," असे तो मला पुढे म्हणाला. मालकाच्या परवानगीचा कागद नसल्याने विमानतळावर त्याला अडवले. तिथून निरोप येताच मालकाने धावत जाऊन कपाट पाहिले, तर दार कधी नव्हे ते अलगद उघडले आणि बिजागऱ्या चकाकत होत्या.

मला थोडे अरबी येई, म्हणून पोलिसांनी मला बोलावले. हात तोडण्याचा शब्दही तिथे कुणी काढला नाही, हे मी ठासून सांगतो. प्रश्न वेगळाच होता. कायद्यापुढे चोरी एक नसते. नुसती उचलून नेली ती साधी. कुलूप किंवा दार फोडून केली तर जड. विश्वासाने सोपवलेली वस्तू गिळली, तर तो निराळाच गुन्हा. स्वतःचीच वस्तू परत घेतली तर कोणते कलम, असे मी विचारले. अधिकारी म्हणाला, पासपोर्ट कुणाचा ते कोर्ट बघेल, कपाट मालकाचे आहे. मालक 'फोडले, फोडले' म्हणून ओरडत होता. मी तासभर भांडलो. कुलूप शाबूत, दार शाबूत, उलट दुरुस्त झालेले. याला फोडणे म्हणतात काय? शेवटी अधिकाऱ्याला हसू आले. "खलास," तो म्हणाला, "साधी चोरी लिहितो. पण त्याने कबूल केले पाहिजे."

मी ते इब्राहिमला सांगितले.

"माझा पासपोर्ट मी घेतला, भाऊ. चोरी कसली?"

"चोरी नाहीच. पण तसे म्हणालास तर खटला संपेपर्यंत आत बसशील. ते किती महिने, कुणी सांगावे? साधी चोरी कबूल केलीस तर थोडे दिवस आत, आणि मग ते स्वतःच तुला विमानात बसवून देशाबाहेर काढतील."

"म्हंजे चोर झालो तर आई दिसेल?"

"दिसेल."

त्याने भिंतीकडे तोंड केले. मग म्हणाला, "दे पेन."

आई त्याला भेटली. तो पोचल्यावर ती सोळा दिवस जगली. मात्र चोरीपायी हाकलून दिल्याची बातमी त्याच्याआधीच गावात पोचली होती, आणि कबुली माझ्या सांगण्यावरून दिली, एवढे घरी सांगण्यापलीकडे त्याने जन्मभर कुणाला खुलासा दिला नाही.

पाठवणीच्या दिवशी तो मला कोठडीतून म्हणाला, "तुझा पासपोर्ट पन तितंच होता, माझ्याच्या खाली. हातात घेतलेला. पन तो आणला असता तर चोरी झाली असती ना, भाऊ." त्याची पाठवणी झाल्यावर मालकाने लोखंडी तिजोरी आणली आणि माझा पासपोर्ट तीत गेला. पुढे माझे वडील आजारी पडले, तेव्हा मी रजेचा अर्ज स्वतःच टाइप करून मालकापुढे ठेवला आणि उत्तराची वाट पाहत बसलो. उत्तर आले तोवर वडील गेले होते...

चाळीसाव्याला हे सगळे मी सलीमला सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे बनवलंत तुम्हीच." होय, मीच बनवले. त्या दिवशी त्याला घरी पोचवणारे दुसरे कलम माझ्यापाशी नव्हते.

मिस्त्रीच्या घरात उंबऱ्याशी भिंतीला एक फळी आहे, त्याने ठोकलेली. घरातल्या प्रत्येकाचे कागद तिच्यावर उघडे ठेवलेले असतात. पेटीत ठेव, कपाटात ठेव, असे त्याची बायको जुलेखा म्हणत राही. तो ऐकत नसे. सलीम चाळीसाव्याच्या दुसऱ्याच दिवशी नोकरीसाठी दोह्याला निघणार होता. माझ्यादेखत त्याने फळीवरून आपला पासपोर्ट उचलून खिशात घातला. कुणाला विचारले नाही, कुणी त्याला विचारले नाही.