उतू न गेलेलं दूध

सुमनताई गेल्याचं मला गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. त्यांच्या पुतण्यानं, श्रीरंगनं, एका ओळीत कळवलं होतं. खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि त्याखाली कुणाचा तरी प्रश्न, ‘उद्या पाणी येणार आहे का?’ महिना उलटला, तरी माझा संताप उतरलेला नाही. उतरावा असं वाटतही नाही.

एरंडवण्यातली त्यांची दगडी बंगली आमच्या शेजारची. ती बांधली एका शाळामास्तरांनी. त्यांच्याकडून डॉक्टरांनी घेतली आणि डॉक्टरांकडून सुमनताईंच्या सासऱ्यांनी. नव्या घरात दूध उतू घालतात, ते आपण सगळेच करतो. या घरात मात्र ते दूध घर सोडून जाणारी बाई ठेवायची. मास्तरीणबाईंनी डॉक्टरीणबाईंसाठी ठेवलं, डॉक्टरीणबाईंनी सुमनताईंच्या सासूबाईंसाठी. घर विकलं तरी मनापासून दिलं, एवढाच त्याचा अर्थ. सुमनताईंना मूलबाळ नव्हतं. घर कधीतरी परक्याचं होणार, हे त्यांनी केव्हाच मान्य केलं होतं. ‘घेणारी कुणीही असू दे गं, दूध मी ठेवणार,’ एवढंच त्यांचं मागणं होतं.

घेणारी कुणी आलीच नाही... बिल्डर आला. श्रीरंगचा हिस्सा निम्मा, घाई मात्र पुरेपूर. ‘काकू, याच जागी नवा फ्लॅट मिळेल, लिफ्टसकट,’ असं सांगून त्यानं सही घेतली आणि त्यांना कर्वेनगरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये हलवलं. ताबा द्यायच्या सकाळी त्या पातेलं आणि दुधाची पिशवी घेऊन रिक्षानं आल्या. मी सोबत गेले. सागवानी दारं-खिडक्या आधीच उचकटून विकलेल्या, स्वयंपाकाचा ओटा फोडलेला. ‘नव्या मालकांसाठी दूध ठेवायला आलेय,’ त्या म्हणाल्या. बिल्डरचा माणूस मोबाईलवरून मान न उचलता म्हणाला, ‘आजी, मालक कंपनी आहे. कंपनी दूध पीत नाही.’ मजूर हसले नाहीत. श्रीरंग हसला.

ते दूध त्यांनी माझ्या गॅसवर तापवलं आणि वर येताच गॅस बंद केला. ‘तुझ्याकडे कशाला उतू घालू? तू कुठं घर सोडतेयस!’ म्हणाल्या आणि चहाही न घेता गेल्या. आता सगळे म्हणतात, वय झालं होतं. झालं होतंच हो! पण तोवर मंडईतून स्वतः भाजी आणणारी ही बाई त्या सकाळनंतर फ्लॅटबाहेर पडली नाही.

तेराव्याला मी तिथं गेले. भिंती कोऱ्या. दुसऱ्याची भिंत कशाला खराब करायची, म्हणून सुमनताईंनी एकही खिळा ठोकू दिला नव्हता. त्यामुळे हार घातलेला त्यांचा फोटो फ्रिजवर टेकवलेला. कुणी सरबतासाठी फ्रिज उघडला की फोटो पालथा पडायचा, आणि श्रीरंग तो पुन्हा उभा करून पाहुण्यांना नव्या इमारतीचे मजले सांगायचा. तिसऱ्यांदा पडला तेव्हा मी तो उचलून पिशवीत घातला.

‘अहो काकू, नव्या फ्लॅटमध्ये लावणार आहोत आम्ही,’ श्रीरंग म्हणाला.

‘त्यांना विचारलंस?’ मी म्हटलं.

घरी आले आणि चपला काढायच्या आधी हातोडी शोधली.