तिसरी महालक्ष्मी

मेड्यूसा आमच्या गावी आली ती एसटीने, माझ्या मांडीवर बसून, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. शेजारच्या बाईने विचारलं, कलिंगड हाय का. मी खरं तेच सांगितलं. मुंडकं आहे म्हटलं, तेव्हा ती बाई सरकून बसली आणि करमाडला उतरेपर्यंत मला ऐसपैस जागा मिळाली.

तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. औरंगाबादेत छावणीत आत्याकडे राहायचे आणि सायकलवर कॉलेजला जायचे. इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्या बाई शिस्तीच्या, पण डोक्यात सतत काहीतरी शिजत असायचं. त्या वर्षी युवक महोत्सवासाठी त्यांनी एक छोटं नाटक लिहिलं. जुन्या ग्रीक कथांमधल्या ज्या बायकांना जग घाबरलं, त्या एकेक करून पुढे येतात आणि आपापली बाजू मांडतात, एवढंच त्यात होतं. सर्सी होती, ती घरी आलेल्या पुरुषांची डुकरं करायची. मेडिया होती, तिने नवऱ्याच्या दगलबाजीचा सूड स्वतःच्या लेकरांवर काढला. आणि मेड्यूसा होती. डोक्यावर केसांऐवजी साप, आणि तिच्या तोंडाकडे जो बघेल त्याचा दगड. वर्गातल्या देखण्या मुलींना देखण्या भूमिका हव्या होत्या. मुखवट्याआड तोंड लपवायला एकही तयार नव्हती. मी हात वर केला. मला देखणं दिसण्याची हौस कधीच नव्हती, पण लोकांनी आपल्याला वचकून असावं असं मात्र लहानपणापासून वाटायचं.

मुखवटा मीच केला. अण्णांची, म्हणजे माझ्या वडलांची, जुनी उर्दू वर्तमानपत्रं भिजवली, त्यात मेथ्या घालून कुटल्या आणि तो लगदा उलट्या मडक्यावर थापला. आमची माय फुटक्या टोपल्या अशाच लगद्याने लिंपायची, तिच्याकडूनच ही विद्या आली होती. अंबाडीच्या दोराचे साप वळले, काजळीने काळे केले. तोंडाला गेरू, डोळ्यांना पिवळा रंग, आणि बाईंच्या पुस्तकातल्या चित्रात होती तशी बाहेर आलेली लांब जीभ. परसात वाळत ठेवला तो आत्याने बघितला आणि चार दिवस तिकडे जायचं सोडलं. लगदा काही वाळेना, म्हणून महालक्ष्म्यांच्या सुट्टीत मी तो गावी नेला.

त्या सुट्टीत माझ्यापुढे एकच प्रश्न होता. परीक्षेला बसायचं की बोहल्यावर चढायचं. हर्सूलकडचं स्थळ आलं होतं. जमीन चांगली, मुलगा शहरात कचेरीत. मुलाच्या बापाची अट एवढीच की लग्न मार्गशीर्षात उरकायचं आणि परीक्षेचं नाव काढायचं नाही. बी.ए.चा कागद काय चुलीवर भाजायचाय, असं ते म्हणाल्याचं आमच्या कानावर आलं होतं. महालक्ष्म्यांच्या जेवणाला ते येणार आणि तिथेच सुपारी फुटणार, असं ठरत आलं होतं. अण्णांनी अजून जबान दिली नव्हती, पण नाही म्हणण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं. स्वतः अण्णा उर्दूत चार इयत्ता शिकलेले. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला तशी शाळा मराठी झाली, मास्तर बदलले, आणि या पोराला पुन्हा पहिलीत बसवायला निघाले. हे उठून बैलांमागे गेले ते कायमचेच. म्हणून तर मला त्यांनी शिकवलं. पण भावकीपुढे त्यांचं चालत नसे, आणि त्याचा मला फार राग यायचा.

आमच्याकडे महालक्ष्म्या दोघी. ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पितळी मुखवटे, धान्याच्या कोठ्यांना लुगडी नेसवून त्यांचं धड. आवाहनाच्या दिवशी त्यांना कुंकवाच्या पावलांवरून घरात आणतात, थाळी वाजवत सगळं घर दाखवतात. ही चूल, ही तिजोरी, ही धान्याची खोली. कोण आली, महालक्ष्मी आली. कशाच्या पावलानं, सोन्यामोत्याच्या पावलानं. धान्याच्या खोलीत पुढे होती ती मोठीमाय, माझी थोरली चुलती. तिने आत पाऊल टाकलं आणि थबकली. ज्वारीच्या कोठीवर माझी मेड्यूसा वाळत होती. गेरूचं तोंड, पिवळे डोळे, जीभ बाहेर. आमच्याकडे सुनेने नवस केला असेल तर ती नवा मुखवटा आणते. मोठीमायला वाटलं, माझ्या मायने गुपचूप नवस फेडला. तिने पुढे होऊन हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आणि तिच्या मागे आलेल्या गल्लीतल्या सगळ्या बाया वाकल्या.

"नवस व्हता तर सांगायचं नाय का?" मोठीमाय मायला म्हणाली.

मायने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले. तोंडाळ म्हणून मी पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे, पण इतकं शहाण्यासारखं गप्प बसणं मला पुन्हा कधी जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुरण वाटताना मायने विचारलं, खरं सांग, ही कोण. पाट्याभोवती मोठीमाय होती, आणि वस्तीवरून तूप घेऊन आलेली धनगराची एक म्हातारी होती. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी सांगत सुटले. आधी सर्सी सांगितली. म्हातारी म्हणाली, माणसाचं डुक्कर करायला जादू कशाला लागती, दारूचं दुकान हाय की. सगळ्या हसल्या. मेडिया सांगितली तेव्हा कोणी हसलं नाही. मायने हातानेच मला थांबवलं, आणि ती गोष्ट पुन्हा घरात सांगू नको म्हणाली. मग मेड्यूसा. देवीच्या देवळात राहणारी देखणी पोरगी, समुद्राच्या देवाने तिथेच तिला धरलं आणि देवळातच नासवलं. देवीला संताप आला, पण देवाला शिक्षा कोण करणार. तिने पोरीच्याच केसांचे साप केले. पुढे एका राजाने तिचं डोकं आणायला माणूस पाठवला. त्याने ते कापलं आणि त्याच देवीने ते आपल्या ढालीवर मिरवलं.

पाट्यावरचा हात थांबला होता. "म्हंजी केलं त्यानं आन् भोगलं हिनं," माय म्हणाली.

मोठीमाय मात्र बिथरली. परक्या मुलखातली भुताळी घरात आणली आणि माझ्याकडून तिला कुंकू लाववलं, असं म्हणून ती डोळ्यांना पदर लावू लागली. मी म्हटलं, मोठीमाय, माहूरला आपण काय पुजतो. नुसतं मुख. तिचंही डोकं उडवलंच होतं ना, आणि तेही पोटच्या पोराने. मग हिला एक कुंकवाचं बोट लागलं तर काय बिघडलं. मोठीमायने डोळ्यांवरचा पदर काढला आणि विचारलं, हिला बहिणी किती. तिघी, म्हटलं, थोरल्या दोघी अमर आणि ही धाकटी तेवढी मरणारी. "मंग आपल्याकडं आजवर दोघीच येत व्हत्या," ती म्हणाली आणि पुरणाकडे वळली. मायने तिसरी कोठी सरकवली आणि ट्रंकेतून आपलं इरकली लुगडं काढलं.

अण्णा अंघोळ करून आले आणि तिघींना बघून त्यांचा पारा चढला. पाहुणे यायच्या आत हे सोंग काढा म्हणाले. माय अण्णांपुढे फारशी बोलत नसे. त्या दिवशी बोलली. आवाहन झालेली महालक्ष्मी उपाशी हलवत नसतात, हे मी सांगायला नको, एवढंच. रीतिभातीत अण्णा मायपेक्षा कडक. ते ओट्यावर जाऊन बसले आणि मी माजघरात तोंड दाबून हसून घेतलं.

दुपारी पाहुणे आले, मुलगा, त्याचे आईवडील आणि एक काका. रीतीप्रमाणे आधी पाया पडायचं, मग पंगत. मुलाचे वडील तिघींपुढे वाकले, कपाळाला अंगारा लावून घेतला आणि पानावर बसले. मुलाची आई मात्र तिसऱ्या मुखवट्याकडे बघत राहिली. ही कोणती, तिने विचारलं. अण्णांच्या हातात वाढायचं तूप होतं. त्यांनी एकवार माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, पोरीला इचारा, तिची हाय.

दाखवायच्या मुलीने मान खाली घालून उभं राहायचं असतं. मी मान वर ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत गोष्ट सांगितली, देवळात काय झालं तेही सांगितलं. मुलगा पानातल्या भज्यांकडे बघत होता. त्याने एकदा जरी वर बघितलं असतं तरी मी त्याचा वेगळा विचार केला असता. त्याचे वडील हसले. देवी म्हणून पाया पडलो आणि निघाली राक्षसीण, असं म्हणाले. मग अण्णांकडे वळून, अगदी मोकळेपणाने, घरातल्यासारखं बोलले, "पोरीला शिक्षण लई झालं. लग्नाआधी हे थोबाड हिरीत टाका, आन् त्यासंगं कालेज बी."

अण्णांनी पंगतीच्या टोकापर्यंत तूप वाढलं. परत आले. सुपारी ताटलीत तयार होती, ती त्यांनी उचलून कोपरीच्या खिशात घातली.

"हळदकुंकू लागलेल्या बाईला मी घराभाईर काढत नसतो," ते म्हणाले. "कालेजात पोरीला मी घातलं. काढायचं तर मीच काढीन."

आवाज चढला नव्हता. पाहुण्यांना उठता येईना, कारण महालक्ष्म्यांचं पान अर्धवट टाकून उठणं त्यांनाही परवडणारं नव्हतं. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, सगळं त्यांनी मुकाट्याने संपवलं. अण्णांनी आग्रह करून दुसरी पोळी वाढली, तीही खाल्ली. मोडलेली सोयरीक इतकी पोटभर जेवून गेलेली मी दुसरी पाहिली नाही. मला त्या क्षणी अण्णांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि रडताना कोणाला दिसू नये म्हणून मी चुलीत फुंकर मारत बसले.

पण एका सुपारीने भावकी थोडीच गप्प बसते. महिनाभरात गावभर झालं की अमक्याच्या पोरीच्या नजरेत खोट आहे, ती बघते आणि सोयरीक मोडते. मला विचाराल तर ही पदवी मला बी.ए.च्या आधी मिळाली आणि जास्त उपयोगी पडली. एसटीत, रस्त्यावर, नंतर नोकरीत, कोणी वाकडं बघायला लागला की मी फक्त सरळ बघायचे. अण्णांना मात्र ते जड गेलं. थोरले चुलते रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसत आणि म्हणत, पोर हाताबाहेर चालली, मी दुसरं स्थळ बघतो, तू फक्त तिला घरी घेऊन ये. हे मला मायने निरोप धाडून कळवलं होतं.

विसर्जनानंतर पितळी मुखवटे ट्रंकेत गेले आणि तिसरी माझ्याबरोबर छावणीत आली. निघताना मायने बजावलं होतं, कपाळाचं कुंकू पुसू नको. बाईंनी ते बघितलं, भुवई वर केली आणि राहू दे म्हणाल्या.

नाटकाच्या दिवशी संध्याकाळी पडद्याच्या फटीतून मी बघितलं तर शेवटच्या रांगेत अण्णा. पांढरं धोतर, पटका, मांडीवर पिशवी. मी बोलावलं नव्हतं. बघायला आले की न्यायला आले, तेच कळेना. चुलते म्हणाले होते तसंच करायला आले असतील, तर आजचा दिवस आपला कॉलेजातला शेवटचा, हे मला लख्ख दिसलं. मग मी ठरवलं, शेवटचा तर शेवटचा, आज सभागृह दगडाचं करून सोडायचं. मुखवटा चढवला आणि रंगमंचावर गेले. माझी वाक्यं संपली तेव्हा टाळी पडली नाही, लोक तसेच बसून राहिले. मग बराच वेळ टाळ्या पडत राहिल्या. अण्णांच्या रांगेकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

नंतर मी त्यांच्याबरोबर स्टँडवर चालत गेले. ते पुढे, मी मागे, मुखवटा काखेत. जालन्याकडे जाणारी शेवटची गाडी लागलेली होती. दारापाशी येऊन ते थांबले.

"त्यो मुंडकं न्यायला आला, तवा ही काय करत व्हती?"

"झोपली होती अण्णा. झोपेतच कापलं."

त्यांनी मान हलवली. "मंग तू झोपू नको," म्हणाले, आणि पायरीवर चढून कंडक्टरला सांगितलं, "एक करमाड."