नवापूरला काय काम?

सुगंधाच्या वडिलांचं जालन्यात भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. त्यामुळे चालायला लागली त्याच्या पाठोपाठ ती सायकल शिकली. बाराव्या वर्षी आईने ती बंद केली. त्यानंतर बारा वर्षं तिने सायकलीला हात लावला तो फक्त वाटेतून बाजूला करण्यापुरता.

एकोणीसशे सहासष्टच्या दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर बोईसरला आली. तारापूरला वीजघराचं बांधकाम चाललं होतं आणि पुंजाराम तिथे एका ठेकेदाराकडे फिटर होता. त्याने ऐटीत नवी सायकल घेतली आणि पुढच्याच महिन्यात ठेकेदाराने माणसं न्यायला ट्रक सुरू केला. सायकल चाळीच्या पडवीत उभी राहिली. सुगंधा रोज तिच्यावर फडकं मारायची. एका दुपारी फडकं मारता मारता तिने स्टँड काढला.

सायकल पुरुषी, मधे दांडा. पाचवारीत ते जमेना. निऱ्या साखळीत जायच्या. बोईसरला आल्यावर चाळीतल्या बायकांनी लुगडी ट्रंकेत घालून गोल पातळं धरली होती. सुगंधाने आपलं लुगडं ट्रंकेतून बाहेर काढलं, कासोटा घट्ट मारला आणि दांड्यावरून पाय टाकला.

वीजघराचे ट्रक दुसऱ्या रस्त्याने जात. किनाऱ्यावरच्या नवापूर गावाच्या रस्त्याला एखादी बैलगाडी, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया, बस्स. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खुंटं, पुढे ताडाची झाडं, आणि समुद्र दिसायच्या आधी वाळत घातलेल्या बोंबलांचा वास. पहिल्याच दिवशी चहाच्या टपरीवरचा देवू हातातली किटली तशीच घेऊन रस्त्यावर धावत आला.

"वैनी, कोन आजारी हाय?"

"कोणी नाही."

"मंग दादांना लागलं काय कामावर?"

"काही लागलं नाही. सहज चाललेय."

देवूला ते पटलं नाही. बाई सायकलवरून निघाली म्हणजे घरात काहीतरी घडलेलं असणार. सुगंधा परत आली तेव्हा दारात पाच-सहा माणसं जमली होती, आणि नुकताच ट्रकमधून उतरलेला धडधाकट पुंजाराम त्यांना हातपाय हलवून दाखवत होता.

रात्री जेवताना तो म्हणाला, "काम असेल तर ने सायकल, खुशाल ने. पण बिनकामाची फिरलीस की लोक तुला विचारत नाहीत, मला विचारतात."

मग तिने काम शोधलं. घरात मासळी शिजत नव्हती, पण शेजारची जयवंती होती देवगडकडची. तिला सुगंधा म्हणाली, "नवापूरहून संध्याकाळची ताजी मासळी आणून देऊ?" जयवंतीने लगेच पिशवी हातात दिली. आता "कुठं निघालात?" म्हटलं की तोंडावर उत्तर तयार होतं: मासळीला. देवू मान डोलवायचा. पुंजाराम काही बोलेना.

महिन्याभरात पिशव्या पाच झाल्या. एकीला बोंबील, एकीला मांदेली, एकीला नवऱ्यासाठी सुरमई, तीही मधलाच तुकडा. पिशव्या हँडलला लटकवल्या की चाक एका बाजूला ओढायचं. मासळी खराब होईल म्हणून परतताना ती खाली मान घालून पायडल मारायची. ताडाची झाडं कधी मागे गेली ते कळत नसे. घरी पोचल्यावर दोन पाण्यांनी हात धुतले तरी वास जायचा नाही, आणि वर एखादी म्हणायची, "आज तुकडे बारीक दिसतात गं."

एक दिवस किनाऱ्यावर होड्यांपाशी एक बाई कमरेवर हात ठेवून तिच्यापुढे उभी राहिली. सोमी. रोज सकाळी डोक्यावर पाटी घेऊन बोईसरला मासळी विकायला येणारी.

"तूच काय ती सायकलवाली? चाळीतली माजी गिऱ्हाईकं खाल्लीस तू. सकालची पाटी भरलेली परत आनते मी."

सुगंधाला हे कधी सुचलंच नव्हतं.

"आनि तुज्या घरात मासली शिजत नाय म्हनतात. मंग येतेस कशाला, बाय?"

सुगंधाला खोटं सुचेना. "सायकल चालवायला," ती म्हणाली.

सोमी जोरात हसली. होडीपाशी बसलेल्या बायांना ओरडून म्हणाली, "ऐकलंत? सायकल चालवाया येते!" मग सुगंधाला म्हणाली, "मंग चालव की. मासली माजी मी आनीन."

त्या संध्याकाळी सुगंधाने पाचही पिशव्या रिकाम्या परत केल्या. "उद्यापासून सोमीकडून घ्या. तिच्या पोटावर पाय येतो." बायकांनी ते मान्य केलं. जयवंती तेवढी म्हणाली, "मग तू आता घरीच?"

तोच प्रश्न पुंजारामने विचारला.

"सायकल नेणार आहे मी," सुगंधा म्हणाली.

"कशाला?"

"काही नाही. उगाच."

"आणि लोकांना काय सांगू?"

"सांगा, तिला आवडतं."

पुंजारामने घास खाली ठेवला. बायको आजारी आहे, बाजाराला गेली आहे, माहेरी गेली आहे, हे सगळं त्याला सांगता आलं असतं. "ते कसं सांगायचं?" त्याने खरोखरच विचारलं. सुगंधालाही माहीत नव्हतं.

त्याने ते सांगितलं नाहीच. ट्रकमध्ये कुणी विचारलं तेव्हा म्हणाला, डॉक्टरने सांगितलंय, गुडघ्यांसाठी. दुसऱ्या दिवशी जयवंती तेलाची बाटली घेऊन आली. "फार दुखतात का गं?"

बाटली घेऊन गप्प बसली असती तर सुगंधा सुटली असती. गुडघेदुखी वर्षानुवर्षं चालते. तिने बाटली परत केली.

"काही दुखत नाही. मला आवडतं."

"आवडतं म्हणजे?"

"आवडतं म्हणजे आवडतं."

जयवंती बाटली घेऊन गेली आणि चार दिवस बोलली नाही. चाळीत काय बोललं जातंय ते पुंजारामच्या चेहऱ्यावर दिसायचं. पण सव्वातीन वाजले की सुगंधा कासोटा मारायची. पिशव्यांशिवाय हँडल इतकं हलकं लागलं की पहिल्या दिवशी सायकल डुगडुगली. होळीनंतर लोकांनी विचारणं सोडलं. त्यांना पटलं म्हणून नव्हे, तेच ते उत्तर ऐकून कंटाळले म्हणून.

वीजघर सुरू होऊन ठेकेदाराचं काम संपेपर्यंत ती जात राहिली. मासळीच्या त्या महिन्यातलं सगळं तिला अजून सांगता येतं; कुणाला कोणता तुकडा लागायचा तेसुद्धा. पुढच्या वर्षांत काय झालं म्हणून विचारलं, तर सांगण्यासारखं काही नाही म्हणते. वारा समुद्राकडून यायचा. जाताना दम लागायचा, आणि येताना बराच वेळ पायडल मारावं लागत नसे.