खालाने तोडलेली नमाज

आमची शेजारची खाला काम पुरं व्हायच्या आधीच आभार मानायची. भात चुलीवर रटरटत असे आणि ही म्हणे, "शुक्र है अल्लाह का, खाना हो गया." ब्लाउजची एकच बाही शिवून झाली, तरी शुक्र. गोंदियात तिच्या शिलाई मशीनच्या खोलीला लागूनच आमची भाड्याची खोली होती.

मला तिच्या या बोलण्याची धास्ती वाटायची. मी दवनीवाड्याची, आठवीत शाळा सुटलेली. आमच्यात चांगलं झालेलं मोठ्यानं बोलत नाहीत, दृष्ट लागते. त्यात माझी दोन लेकरं पोटातच गेलेली. तिसऱ्या खेपेला खाला दारातूनच ओरडली, "शुक्र है, सातवाँ लग गया!" मी चिडले. "काऊन बोलून राहिली वो खाला? गेलं तर?"

तिने दातानं दोरा तोडला. "जितना मिला, उतने का तो बोलने दे. कुरान में है, शुक्र करोगे तो और दूँगा. और तू मुँह सी के बैठी है! ब्लाउज सी, काम आएगा."

नमाजेला उभी राहिली की मात्र ती कुणाची नसे. दूध उतू जावो, गिऱ्हाईक हाका मारो, मान वळायची नाही.

एका दुपारी माझ्या लक्षात आलं, सकाळपासून बाळ हललंच नाही. नवरा राइस मिलमध्ये. भिंत धरत खालाच्या दारात गेले, तर ती नमाजेत. हाक मारायची हिंमत होईना. शेवटी एवढंच निघालं, "हलत नाही."

खालाने नमाज तिथंच तोडली. अनवाणी धावत जाऊन ऑटो आणला. वाटेत मीच रडत म्हटलं, "तुझी नमाज राहिली."

"चुप. जान बचाने को तोड़ने का हुक्म है. फिर पढ़ लूँगी."

ऑपरेशन झालं. पोरगी काचेच्या पेटीत. डॉक्टर काहीच सांगेनात. नवरा सांगतो, खालाने व्हरांड्यात गमछा अंथरून राहिलेली नमाज पढली. कपाळ जमिनीला टेकवून सजद्यात इतका वेळ राहिली की नर्स घाबरली. काय मागितलं, असं मी नंतर विचारलं. "माँगा बाद में. पहले जो साँस चल रही थी, उसका शुक्र किया."

ती पोरगी आता सुरतेत तिसरीत आहे. आम्ही पोटासाठी इकडे आलो. खाला तिकडे अंथरुणाला खिळली आहे, वाचा गेली आहे. तिची सून म्हणते, अम्मा डोळ्यांनी नमाज पढतात. सजदा आला की पापण्या मिटतात.

काल व्हिडिओ कॉल लावला तेव्हा तिची नमाज चालू होती. सून म्हणाली, "बाद में करूँ?" मी म्हटलं, नको, चालू राहू दे. खालाने डोळे मिटले. मिटलेलेच राहिले. पोरीनं विचारलं, "आई, खाला झोपली का?" मी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

फार वेळानं पापण्या उघडल्या.

"एक सजदा हुआ," सून हळूच म्हणाली. "अभी दूसरा बाकी है."

खालाने पुन्हा डोळे मिटले.