गुंडूचं हट्टी घड्याळ

आमच्या गुंडूला बहात्तर साली घड्याळाने फार छळलं. गुंडू देवगडकडचा, बहरीनला अस्कर गावातल्या कारखान्याची बस चालवायचा. बाब अल बहरीन या वेशीजवळच्या एका खोलीत आम्ही पाच जण राहायचो.

त्या जूनमध्ये बहरीनने घड्याळं एक तास मागे घेतली. पावणेपाचलाच ऊन खिडकीत! इंग्रज फोरमन म्हणाला, आमच्या देशात उन्हाळ्यात पुढे करतात, तुमचं उलटंच. हिवाळ्यात पुन्हा पुढे करतील म्हणून आम्ही वाट पाहिली. कुणी केली नाहीत.

गुंडूने मात्र मनगटावरच्या घड्याळाला हात लावला नाही. कामावर जाताना मनात एक तास वजा करायचा. कारण त्याच महिन्यात त्याच्या मुलीचं, मंगलाचं लग्न होतं आणि रजा मिळाली नव्हती. मुहूर्त गावी पावणेबाराचा. त्याने मेमध्येच भिंतीवर लिहून ठेवलं होतं: इथले सव्वादहा. त्या क्षणी मंगलाच्या फोटोवर अक्षता टाकायच्या, एवढंच त्याच्या हातात उरलं होतं.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजले आणि गुंडूने अक्षतांचं ताट उचललं. आमच्याच खोलीतले पुण्याचे शिरीष, बँकेतले, म्हणाले, "गुंडूकाका, घाई कसली? भारत दीड तास पुढे. सव्वादहाला टाकायच्या."

"माझ्या घड्याळात धा वाजले."

"ते चुकीचं आहे हो!"

"सूर्य मागे गेलो काय? माझा चेडू देवगडात आसा, ता एक तास मागे गेला काय?"

आता कळतं, गुंडूच बरोबर होता. इथलं घड्याळ मागे गेलं, तसं दीड तासाचं अंतर अडीच तासांचं झालं. पण तेव्हा शिरीषरावांची पदवी बघून आम्हाला त्यांचंच खरं वाटलं. शेवटी मीच म्हणालो, "दोन्ही वेळा टाकू."

खालचा शिंपी हुसेन मंगलाष्टकं ऐकून वर आला. त्याच्याही हातात अक्षता दिल्या. टाकून झाल्यावर विचारतो, "शादी खलास?"

"मफी खलास," नाही संपली, असं गुंडू त्याच्याच अरबीत म्हणाला. "एक घंटे बाद फिर."

हुसेन खरंच तासाभराने परत आला, वर खजूर घेऊन!

तीन आठवड्यांनी गुंडूच्या बायकोचं, शेवंतीचं पत्र आलं. वऱ्हाडाची गाडी घाटात बंद पडली, मुहूर्त टळला, अक्षता पडल्या पाऊणला. तोवर शिरीषरावांना बँकेत अडीच तासांचा हिशेब कळला होता; त्यांनी बोटं मोजली आणि उडीच मारली. "पाऊण म्हणजे इथले सव्वादहा! काका, माझीच वेळ जुळली!"

"तुमची चूक नि त्यांची चूक एका जागी बसली, शिरीषराव," गुंडू म्हणाला. पत्र पुन्हा वाचलं, घडी करून फोटोमागे ठेवलं. मग मनगटावरचं घड्याळ काढून त्याची चावी ओढून काटे फिरवू लागला.

"अरे, आता कशाला?" मी विचारलं.

"चेडू सासरी पोचला," तो हसत म्हणाला. "आता जावंदे एक तास मागे."