घोडनवऱ्याचा फोटो

मिलुंकाची साय अर्धी काढून झाली होती. पसरट लाकडी भांड्यांपैकी दोन मोकळी करून ती तिसऱ्यात झारा घालणार, तेवढ्यात दारात द्राना उभी राहिली. पायातले बूट काढता काढताच म्हणाली, "देव साह्य करो, मावशी. हात चालू द्या, कान तेवढे इकडे द्या."

"तुलाही करो," मिलुंका म्हणाली, पण झारा तिने खाली ठेवला. अशी बातमी साय काढता काढता ऐकायची नसते.

द्राना ही शेजारच्या गावची सून. डोंगरापलीकडून, अल्बानियातून लग्न करून आली त्याला वीसेक वर्षं झाली, आणि आता इकडच्या बायकांपेक्षा तिचंच इकडचं बोलणं फर्डं होतं. पेश्तरच्या पठारावरच्या पोरी शिकायला म्हणून शहरात जातात आणि तिथल्याच होऊन राहतात. मागे उरतात ते गाईगुरं सांभाळणारे बाप्ये. डोंगरापलीकडे नेमकं उलटं. तिथले पोरगे परदेशी आणि पोरी घरात. द्राना या दोन्हीकडच्या गाठी घालून देई. मिलुंकाच्या मुलासाठी, विदोयेसाठी, तिने प्रेना नावाची मुलगी सुचवली होती. तीस-बत्तीसची, शिवणकाम येणारी, गुरांची सवय असलेली. विदोये स्वतः चाळिशीला टेकलेला. रादिसाव, मिलुंकाचा धाकटा दीर, त्याला तोंडावर घोडनवरा म्हणे.

"फोटो बघितला त्यांनी?" मिलुंकाने कॉफीचं पाणी चुलीवर ठेवत विचारलं.

"बघितला. ट्रॅक्टर फार आवडला."

"आणि विदोये?"

"तेच विचारत होते, की यात मुलगा कुठला."

फोटो मिलुंकानेच काढला होता, चाचाक शहरात असणाऱ्या लेकीने दिलेल्या फोनवर. आयुष्यातला पहिलाच म्हटला तरी चालेल. सगळं मावावं म्हणून ती पार टेकाडापर्यंत मागे मागे गेली होती. पत्र्याचं नवं छप्पर, गोठा, गवताची गंजी, ट्रॅक्टर, आणि चरायला गेलेल्या गाई मुद्दाम परत आणून ओळीने उभ्या केलेल्या. ट्रॅक्टरशेजारी विदोये, गव्हाच्या दाण्याएवढा. स्थळ दाखवायचं म्हणजे घरदार दाखवायचं, ही तिची समजूत. ती स्वतः एकोणिसाव्या वर्षी या घरात आली तेव्हा सासरच्यांनी तिचं तोंड कुठे बघितलं होतं? मामेसासऱ्यांनी तळहात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, चालेल.

द्रानाने फोटोवर दोन बोटं फाकवून विदोयेला मोठा केला. टोपीच्या खाली नुसता काळोख.

"प्रेनाच्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं, मुलाला डोळे आहेत ना? आता मी शपथ कशी घेऊ? त्याला मी टोपीशिवाय बघितलेलं नाही."

मिलुंका चुलीकडे वळून कॉफी ढवळू लागली.

"शनिवारी मी माहेरी चाललेय," द्राना म्हणाली. "तिला दुसरं एक स्थळ आलंय, शहराकडचं. त्यांना रविवारी सांगायचंय, हो किंवा नाही. तोंड दिसेल असा एक फोटो द्या. जवळून काढा. आणि जुना नको. मागच्या वर्षी एकाने सैन्यातला फोटो पाठवला होता. मुलगी इथवर आली, त्याला बघितलं, कॉफी प्यायली आणि आल्या गाडीने परत गेली. तो बसला रडत, आणि नाव खराब झालं माझं." तिने मिलुंकाचा फोन उलटा केला आणि रुमालाच्या टोकाने कॅमेऱ्याची काच पुसली. "आणि मावशी, इथे साय लागलीय. मला वाटलं, तुमच्याकडे बारा महिने धुकंच असतं."

द्राना गेल्यावर मिलुंकाने राहिलेली साय काढली खरी, पण मीठ दोनदा घातलं.

त्याच दुपारी तिने विदोयेला गवतावरून बोलावलं. पांढरा सदरा, बापाचा कोट. घराच्या पांढऱ्या भिंतीपुढे उन्हात उभा केला, कारण उन्हात सगळं स्वच्छ दिसतं. पठारावर झाड औषधाला नाही. जुलैचं ऊन डोक्यावर आणि वारा कानात. विदोये हात मांडीला चिकटवून उभा राहिला, जसा शिपाई पहाऱ्यावर राहतो.

"हस की जरा."

"कशाला?"

"लग्न करायचंय म्हणून."

तो हसला, म्हणजे दात दाखवले. डोळे मिटले होते, कपाळाला आठ्या, टोपीची सावली नाकापर्यंत. दुसरा फोटोही तसाच. तिसऱ्यात डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कोणीतरी गेल्याचं आत्ताच कळलंय, असा चेहरा.

"टोपी काढ," मिलुंका म्हणाली.

"नाही."

"अरे, डोळे दिसायला हवेत."

"मग डोळ्यांचं सांग, टोपीचं सांगू नकोस."

बऱ्याच वादावादीनंतर टोपी निघाली, आणि मिलुंकाच्याच मनात आलं की नसती काढली तर बरं होतं. भुवयांच्या खाली तोंड भाजलेल्या पावासारखं तपकिरी, वर कपाळ आणि टक्कल ताज्या चीजसारखं पांढरंफटक, आणि त्यावर दुपारचं ऊन चमकतंय. दोन माणसांची डोकी जोडल्यासारखं. तिने मुकाट्याने टोपी त्याच्या हातात दिली.

कुंपणापलीकडून रादिसाव बघत होता. "वहिनी, पोराला ट्रॅक्टरमागे उभं करा. ट्रॅक्टरला काही टक्कल नाही."

"भावोजी, तुमचं गवत भिजेल, ते बघा."

"आभाळात एक ढग दाखवा."

मिलुंकाने विदोयेची पाठ उन्हाकडे फिरवली. आता डोळे उघडे राहिले, पण तोंड चुलीतल्या कोळशासारखं, आणि कान मागून लालबुंद. विदोयेने फोटो बघितला, कोट काढून खिळ्याला टांगला आणि म्हणाला, "माझं गवत पडलंय, आई. शहरातल्यालाच देऊ दे तिला." आणि गेला.

तो गेल्यावर ती बाकावर बसली. मुलगा कष्टाळू, बापाच्या पाठीमागे सगळं त्यानेच ओढलं होतं. व्यसन म्हणाल तर नाही, बोलणं म्हणाल तर तेही नाही. त्याच्या दोनाचे चार हात व्हावेत म्हणून ती कोपऱ्यातल्या संत निकोलाच्या तसबिरीपुढे रोज दिवा लावून विनवत असे. पण आज दिवा लावताना तिला वेगळंच आठवलं. सकाळी द्राना टोपीचं बोलली तेव्हा आपण गप्प बसलो. खोटं बोललो नाही, पण खरंही बोललो नाही. संताकडे बघून ती म्हणाली, "टक्कल मीच लपवायला निघालेय. त्याला काय बोलू?" संत निकोलाचं कपाळही तसबिरीत मागपर्यंत मोकळंच होतं, ते इतक्या वर्षांत तिच्या लक्षात आलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी ती चीजचं पाणी डुकरांना घालून गोठ्याकडे आली. सूर्य गोठ्यामागे उतरला होता आणि अंगणावर गोठ्याची लांब सावली पडली होती. समोर घराच्या पांढऱ्या भिंतीवर मात्र अजून ऊन होतं, आणि त्याचा उजेड उलटून गोठ्याच्या दारात येत होता. घेवड्याच्या बिया निवडायला ती याच वेळी याच उंबऱ्यावर बसायची. इथे खडा चुकत नाही आणि डोळेही दिपत नाहीत. रोजची गोष्ट, पण बियांपलीकडे तिचा विचार कधी गेला नव्हता.

विदोये दूध काढून दारात आला. टोपी नव्हती. धार काढताना तो गाईच्या कुशीला कपाळ टेकवतो, म्हणून टोपी आत खुंटीला. अंगात कोपरावर विरलेला लोकरी स्वेटर. मागे गोठा अंधारा, पुढून तो मऊ उजेड, आणि टकलावर काही चमकत नव्हतं. कपाळ आणि गाल एकाच माणसाचे वाटत होते. डोळे उघडे, आणि त्यांत समोरच्या भिंतीचा एक-एक ठिपका.

"तिथेच थांब," मिलुंका म्हणाली.

"बादली जड आहे."

"मग खाली ठेव, पण हलू नकोस."

तिने फोन काढला, रुमालाने काच पुसली. खालून बघितलं तर नाकपुड्या आणि हनुवटीच दिसे. पोरगा बापावर गेलेला, उंच. तिने धार काढायचं तिपाई स्टूल आणलं आणि त्यावर चढली.

"पडशील, आई."

"तू आहेस ना धरायला." ती आणखी वाकली. इतक्या जवळून तिने त्याच्याकडे तो गोवराने आजारी होता तेव्हा बघितलं असेल. तो पुन्हा शिपाई व्हायला लागला होता, खांदे वर चढले होते. हस म्हणायचं तिने टाळलं. "रुमेन्का दूध देते का रे नीट? वासरू लुचतंय म्हणत होतास."

"लुचत कुठलं? काल माझ्या स्वेटरची बाही लुचत होतं. अर्धी बाही पोटात गेली तेव्हा कळलं त्याला, दूध येत नाही ते." आणि बाहीचं ओलं टोक दाखवताना तो हसला, एका गालाने, जसा तो हसतो.

तिने बोट दाबलं. पहिल्यांदा उशीर झाला, दुसऱ्यांदा अंगठा आला. तिसऱ्यांदा आला तो विदोये.

स्वयंपाकघरात दोघांनी तो फोटो पाहिला. विदोयेने फोन जवळ धरला, लांब धरला. मग म्हणाला, "गोठ्यातला फोटो पाठवतात का कोणी? आणि हे डोकं."

"डोकं तुझंच आहे."

"टोपी घालून असाच काढ ना. दारात."

मिलुंकाला ते सोपं होतं. द्राना उद्याच निघणार, म्हणजे उद्याची संध्याकाळ हाताशी नव्हती, पण टोपी घालायला आणि बाहेर उभं राहायला अजून थोडा उजेड होता. ती खिडकीतून अंगणाकडे बघत राहिली. "काढ म्हणालास तर काढते," ती म्हणाली. "पण ती आल्यावर टोपी काय झोपतानाही घालशील? मी तुला सांगायला नको, मीही लपवायलाच बसले होते. तोंड तुझं आहे, तू ठरव. मला विचारशील तर यात तू आहेस."

विदोयेने पुन्हा फोटोकडे बघितलं. बाहेर भिंतीवरचं ऊन पत्र्यापर्यंत चढलं, मग गेलं.

"पाठव," तो म्हणाला. "नाही म्हणायचं तर मला म्हणू दे. ट्रॅक्टरला नको."

रविवारी चर्चमधून परत येताना मिलुंकाने वाटेत दोनदा फोन काढून बघितला. काही नव्हतं. सोमवारीही नव्हतं. विदोये गवताच्या गंजीवर गंजी रचत होता आणि जेवताना मान वर करत नव्हता. रादिसावने कुंपणावरून काही विचारायला तोंड उघडलं, आणि वहिनीचा चेहरा बघून मिटलं.

मंगळवारी दुपारी द्राना स्वतः आली. विदोये पाणी प्यायला घरात आला होता, तो पेला घेऊन दाराशीच थांबला.

"बसू तरी द्या," द्राना म्हणाली, आणि बसली, आणि कॉफी येईपर्यंत रस्त्याबद्दलच बोलली. मग म्हणाली, "शहरातल्याचा फोटो रंगीत चष्म्यातला होता. मी काही बोलले नाही. यांचा दाखवला. आई म्हणाली, केस नाहीत. मी म्हटलं, नाहीत. प्रेनाने फोन हातात घेतला आणि विचारलं, हा कोणाशी बोलताना हसतोय? मी म्हटलं, आईशी असेल."

"वासराबद्दल," विदोये म्हणाला. त्याच्या कानांना मागून ऊन नव्हतं, तरी ते लाल झाले होते.

"तेही सांगेन. तर ती आणि तिचा भाऊ घर बघायला येताहेत, शुक्रवारी. होकार नाही, नुसतं बघायला. पण त्याआधी तिला एक फोटो हवाय."

"आता कशाचा?" मिलुंकाने विचारलं. "गाईंचा?"

"सासूचा. म्हणाली, नवरा दिवसभर रानात असणार, घरात कोणाचं तोंड बघायचंय ते कळू दे."

विदोये पेला ठेवून मोठ्याने हसला. मिलुंका रुमाल ओढत उठली, निळा झगा घालून येते म्हणाली, तर त्याने तिला तसंच हाताला धरून गोठ्याच्या दारात नेलं. वेळ दुपारची होती, म्हणून त्याने तिला उंबऱ्याच्या आत एक पाऊल सरकवलं, आणि उंचीचा हिशेब आता उलटा, म्हणून स्वतः गुडघ्यावर बसला. मिलुंका हात पोटावर धरून मेणबत्तीसारखी ताठ उभी राहिली.

"आई, श्वास घे."

"घेतेय. अरे, शुक्रवार आहे," ती एकदम म्हणाली. "उपासाचा वार, मांस चालायचं नाही. तेही शुक्रवार पाळत असतील, द्राना? नुसता मक्याच्या कण्यांचा सांजा घालू का पाहुण्यांना? घेवडा करता येईल, पण पहिल्यांदा येताहेत, ताटात काहीतरी..." तिचे हात सुटले होते आणि ताट केवढं ते हवेत दाखवत होते.

"झालं," विदोये म्हणाला.

द्रानाने तो फोटो उंबऱ्यावर बसूनच पलीकडे पाठवला. मिलुंकाने तो बघितलाही नाही. उद्या सकाळी दूध घालून झालं की तिला नदीवरच्या वुकोमान कोळ्याकडे जाऊन शुक्रवारसाठी मासे सांगून यायचं होतं.