शिरूरच्या व्हर्जनची टेस्ट

माझ्या थोरल्या साडूंइतका तपासणीचा सोस असलेला माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. सापडलाच, तर साडू आधी त्यालाच तपासून घेतील. घराला कुलूप लावलं की ते स्वतः ओढून बघायचं, मग बायकोला ओढायला लावायचं, आणि रिक्षात बसल्यावर फोन करून शेजाऱ्यालाही ओढायला लावायचं. धाकट्या मेहुणीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. आचाऱ्याकडे जाऊन ते प्रत्येक पातेल्यातला भात चाखत सुटले. आचारी वैतागून म्हणाला, "पाव्हणं, एक चाखलं म्हंजे झालं की!" साडू शांतपणे म्हणाले, "त्या पातेल्याचं ह्या पातेल्याला काय ठावं?" पंगत खोळंबली. तेव्हापासून सासरेबुवा जावयांची ओळख करून देताना माझ्यापासून सुरुवात करतात आणि बहुतेक वेळा माझ्यावरच थांबतात.

नशिबाने अशा स्वभावाला साजेसाच धंदा त्यांना मिळाला. बीडमधल्या एका छोट्या कंपनीत आम्ही दोघं कामाला होतो. गावोगावच्या सहकारी दूध संस्थांसाठी ते सॉफ्टवेअर लिहायचे आणि मी ते गावात जाऊन संगणकावर बसवून द्यायचो. कोणी किती दूध घातलं, फॅट किती लागली, ही नोंद ते ठेवायचं. पण सगळीकडचे संगणक सारखे थोडेच असतात! तेलगावला नवा, म्हणून तिथे नवं व्हर्जन. पालीला त्याच्या आधीचं. आणि शिरूर कासारचा संगणक इतका म्हातारा, की त्याला सगळ्यांत जुनंच झेपायचं. व्हर्जनांना रीतसर नंबर होते, पण साडू त्यांना गावाच्या नावानेच ओळखत. "आज पाली जरा कुरकुरायलीय," असं ते डबा उघडता उघडता काळजीने सांगत. प्रत्येक व्हर्जनसाठी त्यांनी टेस्ट, म्हणजे ते नीट चालतंय का हे तपासणारा छोटा प्रोग्राम, लिहिली होती. रोज सकाळी ती आपोआप चालायची. पास झालं की पडद्यावर हिरवं, नापास झालं की लाल.

मग दुष्काळ पडला. जनावरं चारा छावणीत गेली, शिरूरकडची माणसं नेहमीपेक्षा लवकर कोयते घेऊन ऊसतोडीला निघून गेली, आणि एका सकाळी आमच्या पडद्यावर सगळी व्हर्जनं लाल झाली. सॉफ्टवेअर धडधाकट होतं, चुकली होती ती टेस्टच. नमुना म्हणून साडूंनी सगळ्या व्हर्जनांच्या टेस्टला शिरूरच्याच सभासदांची नावं आणि त्यांचं रोजचं खरं दूध जोडून दिलं होतं. त्या दिवशी शिरूरचं दूध शून्य आलं, आणि टेस्टने ती सॉफ्टवेअरची चूक धरली. दूध येणारच नाही असाही दिवस उगवतो, हे गोठ्यात वाढलेल्या या माणसाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

टेस्ट दुरुस्त करायची, तर प्रत्येक व्हर्जनमध्ये वेगळी बसून करावी लागणार होती. कंपनीचे मालक म्हणाले, "तेलगाव करा, पाली करा. शिरूर सोडून द्या. गाव रिकामं हाय, संस्थेला कुलूप हाय." आणि कंपनीचा नियम असा, की जे व्हर्जन लाल राहील ते मोडीत काढायचं, म्हणजे कायमचं बंद करायचं. ते गेलं असतं तर शिरूरच्या त्या संगणकावर दुसरं काही चाललं नसतं, आणि नवा घ्यायची संस्थेची ऐपत नव्हती. माणसं परत आली असती, पण संस्था उरली नसती.

साडूंनी वाद घातला नाही. आपल्या सवयीप्रमाणे तपासून घ्यावं म्हणून मालकांसमोरच शिरूरच्या सचिवांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "संस्था चालू हाय का, सचिवसाहेब?"

"हाय की. रोज सकाळी उघडायलोय. संगणक लावतो, तारीख टाकतो, बंद करतो."

मालकांना राहवलं नाही. "अहो, दूध न्हाई, तर संगणक कशापायी लावता?"

"लोकं तोडीला गेल्यात सायेब, मेली न्हाईत," सचिव म्हणाले. "आल्यावर इचारतील ना, आपली संस्था हाय का म्हणून."

मालकांनी फोन ठेवायची खूण केली. मग म्हणाले, "करा. पण कंपनीच्या वेळेत नको." साडूंनी सासुरवाडीला जायचा रविवार बुडवून ते काम केलं. मोठी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही, पण शिरूर हिरवं झालं.

पुढच्या वर्षी पाऊसपाणी झालं. एका सकाळी सचिवांचा फोन आला, "दूध आलं!" साडूंनी कार्यालयभर पेढे वाटले आणि मग एकेका सभासदाचं नाव घेऊन विचारत बसले, हा आला का, तो आला का. बरेच आले होते. काही कारखान्याकडेच राहिले होते, काहींचा पत्ताच नव्हता. मी म्हणालो, "साडूभाऊ, त्यांची नावं आता टेस्टमधून काढून टाका." त्यांनी माझ्या हातातला पेढा काढून परत डब्यात ठेवला.

ती नावं अजून तिथेच आहेत. रोज सकाळी साडूंच्या पडद्यावर ती एकेक करून येतात, समोर दूध शून्य, आणि टेस्ट पास होते. मी साडूंना सगळ्या गोतावळ्यात हसतो. पण खरं सांगायचं, तर मला कधी गाव सोडून जावं लागलं, तर माझंही नाव असंच कुणीतरी राहू द्यावं, असं फार वाटतं.